योजनेत नाव घातल्याने भातशेतीला आणि कुळागराला नेमके काय मिळते?

गोव्याच्या डिचोली तालुक्यातील एका तरुणाने विचारले आहे की, पणजीतली नोकरी सांभाळून तो वडिलांसोबत पाऊण एकर भातशेत आणि दीडशे पोफळी व वीसेक माडांचे कुळागर करतो. कृषी खात्याच्या व केंद्राच्या योजनांत नाव घालावे असे त्याला वाटते, पण वडिलांचे म्हणणे असे की कागद करण्यातच दिवस जातात आणि अनुदानाचा मलिदा अखेर यंत्र विकणाऱ्याच्या पदरात पडतो. तेव्हा एवढ्या लहान शेतकऱ्याला या कार्यक्रमांचा खरोखर काही लाभ होतो का, आणि अनुदानावर पॉवर टिलर घ्यावा का, असे त्याचे दोन प्रश्न आहेत.

सत्तरी, डिचोली आणि फोंडा या तालुक्यांत सुमारे तीस वर्षे कृषी विस्ताराचे काम केल्यावर मला असे वाटते की तुमचे वडील अनुदानाविषयी जे बोलतात ते बरेचसे खरे आहे, आणि तरीही नाव घातलेच पाहिजे. कारण अनुदान हा या कार्यक्रमांचा सर्वांत ठळक दिसणारा, परंतु माझ्या मते सर्वांत कमी महत्त्वाचा लाभ आहे. लहान शेतकऱ्याला खरा उपयोग होतो तो सरकारदरबारी ‘शेतकरी’ म्हणून नोंद होण्याचा, आपल्याच जमिनीविषयीची माहिती वेळेवर हाती येण्याचा आणि शेजाऱ्यांबरोबर एकत्र काम करण्याची सोय होण्याचा.

नोंदीपासून सुरुवात करतो, कारण गोव्यात सगळे तिथेच अडते. बाहेरच्या वाचकाला सातबारा ठाऊक असतो. आपल्याकडे त्याच्या जागी नमुना एक व चौदा असतो, आणि त्यात कब्जेदार, कूळ व इतर हक्क असे वेगवेगळे रकाने असतात. जमीन भाटकाराची (जमीनदाराची), कसणारा कूळ, काही ठिकाणी मालक कोमुनिदाद म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था, आणि कसणाऱ्याच्या तीन पिढ्यांत वाटणी तोंडी झालेली, अशी आपली परिस्थिती आहे. 1964 चा कूळ कायदा आणि 1976 ची त्याची पाचवी दुरुस्ती यांमुळे कसणाऱ्याला मालकी मिळण्याचा मार्ग खुला झाला खरा, पण ज्यांनी त्या वेळी सनदेपर्यंतचे सोपस्कार पूर्ण केले नाहीत त्यांच्या उताऱ्यावर आजही भाटकाराच्या घराण्यातील कोणाचे तरी नाव वर आणि आजोबांचे नाव कुळाच्या रकान्यात दिसते.

सत्तरीतील एका घरी मी पुराच्या नुकसानीचा पंचनामा करायला गेलो होतो, तो दिवस मला अजून आठवतो. घरमालकाने ओसरीवर पत्र्याची पेटी आणून ठेवली आणि मेणकापडात गुंडाळलेला उतारा काढून दिला. त्यावर त्याच्या पणजोबांचे नाव होते, तेही चुकीच्या आडनावासह, आणि खाली पाच वारसांपैकी एकाचेही नाव चढलेले नव्हते. शेतातली लोंबी चिखलात आडवी झालेली मी डोळ्यांनी पाहिली होती. नुकसान किती झाले याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती, पण ते कोणाचे झाले हे लिहिण्याची जागा माझ्या कागदावर कोरी राहिली. त्याच बांधापलीकडच्या शेजाऱ्याकडे कृषी खात्याचे, शेतकरी म्हणून नोंद दाखवणारे कृषी कार्ड होते, त्याचे नुकसान याच्याहून कमी होते, आणि भरपाई त्यालाच मिळाली.

म्हणून कृषी कार्डाला मी योजना न म्हणता दरवाजा म्हणतो. विभागीय कृषी कार्यालयात हे कार्ड काढून मिळते आणि राज्याच्या बहुतेक सर्व योजनांना ते लागते. ते काढण्याच्या निमित्ताने उतारा नव्याने काढावा लागतो, वारसांच्या नावांची नोंद झाली आहे की नाही हे कळते, भावाभावांची संमती लेखी घ्यावी लागते आणि बँकेचे खाते आधारला जोडले जाते. हे सगळे कंटाळवाणे काम आहे हे मी मान्य करतो. परंतु त्यात गेलेले चार दिवस पुढची पंधरा-वीस वर्षे उपयोगी पडतात. 2019 मध्ये सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेत वर्षाला 6,000 रुपये तीन हप्त्यांत मिळतात. ती रक्कम मोठी नाही, पण तिथेही ज्यांची जमिनीची नोंद आणि ई-केवायसी नीट नाही त्यांचे हप्ते अडकले आहेत.

नोंदीचा दुसरा लाभ विक्रीच्या वेळी दिसतो. गोवा सरकार भात, काजू, नारळ, सुपारी अशा पिकांना आधारभूत किंमत देते. तिची पद्धत अनेकांना नीट समजलेली नसते. सरकार स्वतः माल विकत घेत नाही; तुम्ही ठरवून दिलेल्या सहकारी संस्थेकडे वा मान्यताप्राप्त केंद्रावर माल घालता, तिथली पावती सादर करता, आणि बाजारात मिळालेला भाव व आधारभूत किंमत यांतील फरक तुमच्या खात्यात जमा होतो. काजू बियांची आधारभूत किंमत 2023 मध्ये किलोला 125 रुपयांवरून 150 रुपये झाली. त्या दराने, बाजारात भाव 110 असेल तर किलोमागे 40 रुपयांचा फरक पडतो, म्हणजे 300 किलो बियांवर 12,000 रुपये. मात्र दारात टेम्पो घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला रोख पैशांवर बिया दिल्या, तर ना पावती, ना फरक. भाताचेही तेच. आपल्याकडे वर्षाचे भात कणगीत ठेवून उरलेले विकण्याची रीत असल्यामुळे ‘एवढ्याशासाठी पावती कशाला’ असे म्हटले जाते, आणि वर्षानुवर्षे तो फरक सुटतो.

आपत्तीच्या वेळचे गणित थोडे वेगळे आहे. राज्याची शेतकरी आधार निधी योजना आहे आणि केंद्राची 2016 पासूनची पंतप्रधान पीक विमा योजना आहे. विम्यात अधिसूचित खरीप अन्नधान्याला शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या 2 टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी व फळपिकांना 5 टक्के एवढाच असतो, बाकीचा भार सरकार उचलते. आपल्या भागात सरदाच्या (खरिपाच्या) भाताला खरा धोका जुलैच्या पुरापेक्षा ऑक्टोबरमधल्या परतीच्या पावसाचा असतो. कापून शेतात पसरलेली पेंढी दोन दिवस भिजली की दाण्याला कोंब फुटतात. कापणीनंतर 14 दिवसांपर्यंत शेतात वाळत पसरलेल्या पिकाचे असे नुकसान विम्यात धरले जाते, परंतु त्याची सूचना 72 तासांच्या आत द्यावी लागते. आपली माणसे पहिले दोन दिवस पेंढ्या उचलून मेरेवर (बांधावर), ओसरीवर, जमेल तिथे सुकत घालण्यात घालवतात, आणि ते स्वाभाविकही आहे. तेव्हा घरातल्या एका माणसाचे काम ठरवून टाकावे: मोबाइलवर उभ्या-आडव्या पिकाचे फोटो काढायचे आणि तक्रार नोंदवायची. घरून फोटो आले की तक्रार तुम्ही पणजीत बसूनही नोंदवू शकता. किंबहुना वडिलांपेक्षा ते तुम्हालाच चांगले जमेल.

आता ज्ञानाकडे वळतो, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण पैशात मोजता न आल्यामुळे या लाभाची कोणी गणतीच करत नाही.

मृद आरोग्य पत्रिकेची योजना 2015 मध्ये सुरू झाली. तिच्यात मातीचे 12 गुणधर्म तपासून दिले जातात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, मग नत्र, स्फुरद, पालाश व गंधक, आणि जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन ही सूक्ष्मद्रव्ये. गोव्याची जांभ्याची जमीन मुळात आम्लधर्मी. तिच्यात लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर असल्यामुळे टाकलेले स्फुरद त्यांच्याशी बांधले जाते आणि मुळांना मिळत नाही. त्यामुळे दरवर्षी त्याच प्रमाणात मिश्रखताची पोती ओतणारा शेतकरी आपले पैसे मातीत अक्षरशः कोंडून ठेवत असतो. अशा कुणग्याला (शेताच्या लहान तुकड्याला) आधी चुना किंवा डोलोमाइट आणि शेणखत यांची गरज असते, खताची नंतर. हे पत्रिकेवर लिहिलेले असते, पण पत्रिका खरी ठरण्यासाठी नमुना नीट घ्यावा लागतो. शेताच्या आठ-दहा ठिकाणी, मेरेपासून आणि शेणाच्या ढिगापासून दूर, विळ्याच्या आकाराची नव्हे तर इंग्रजी व्ही अक्षरासारखी 15 सेंटिमीटर खोल खाच घ्यावी, तिच्या बाजूची पातळ काप काढावी, सगळी माती घमेल्यात एकत्र करून चार भाग पाडावेत आणि समोरासमोरचे दोन टाकत टाकत शेवटी अर्धा किलो ठेवावी. माझ्याकडे एकदा एका गृहस्थाने घराच्या दारातल्या तुळशीजवळची माती पिशवीत भरून आणली होती. तिचा अहवाल अर्थातच उत्तम आला.

खाजनातील, म्हणजे खाडीकाठच्या बांध घालून राखलेल्या सखल जमिनीतील, शेतकऱ्याचा प्रश्न निराळा. तिथे मानशीची (बांधातल्या पाणी अडवणाऱ्या दरवाजाची) फळी नादुरुस्त झाली किंवा बांधाला भगदाड पडले की खारे पाणी आत शिरते आणि उन्हाळ्यात ढेकळांवर मिठाची पांढरी साय दिसू लागते. आपल्या पूर्वजांनी अशा जमिनीसाठी कोरगुट हे भात जपले. जुने गोवे येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या (आयसीएआर) केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातून निवड करून ‘गोवा धान’ या नावाने क्षारसहनशील वाण दिले आहेत. हे बियाणे बाजारातल्या दुकानात सहसा दिसत नाही. ते कृषी विज्ञान केंद्राच्या प्रात्यक्षिकातून किंवा कृषी विस्ताराच्या ‘आत्मा’ या केंद्रीय योजनेखालील गटांतून शेतावर येते. म्हणजे ज्याचे नाव गटात आहे त्याला पाच किलो बियाणे मिळते, तो पुढच्या वर्षी पन्नास किलो शेजाऱ्याला देऊ शकतो. तुमचे शेत खाजनात नसल्यामुळे तुम्हाला ज्योती किंवा जयासारखे नेहमीचे वाण पुरेसे आहेत. फक्त बियाणे 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ घालून केलेल्या पाण्यात बुडवून वर तरंगणारे पोल दाणे काढून टाका आणि तळाचे बियाणे साध्या पाण्याने धुऊन मग पेरा. हा उपाय फुकटाचा आहे, आणि तरीही मी प्रशिक्षणात दाखवल्याखेरीज कोणी केल्याचे मला आठवत नाही.

कुळागराचे उदाहरण याहून बोलके आहे. सुपारीवरचा कोळेरोग (फळे कुजून गळण्याचा रोग) श्रावणाच्या झडीत बाग झाडून काढतो. त्यावर एक टक्का बोर्डो मिश्रण हाच शंभर वर्षांहून जुना आणि आजही भरवशाचा उपाय आहे: एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना आणि 100 लिटर पाणी. पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर आणि दुसरी त्यानंतर 40 ते 45 दिवसांनी. शेतकरी ती करतात, तरी गळ थांबत नाही, आणि मग दोष मोरचुदाला दिला जातो. प्रत्यक्षात चूक मिश्रण बनवण्यात असते. मोरचूद 50 लिटर पाण्यात वेगळे, चुना 50 लिटरमध्ये वेगळा, दोन्ही प्लास्टिकच्या पिंपांत, आणि मग मोरचुदाचे पाणी सतत ढवळत चुन्याच्या पाण्यात ओतायचे. त्यानंतर घासून लखलखीत केलेली लोखंडी सुरी त्यात मिनिटभर बुडवून पाहायची. पात्यावर तांबूस थर चढला तर मिश्रणात मोकळे तांबे शिल्लक आहे, कोवळ्या फळांना चटके बसतील. आणखी चुन्याचे पाणी घालायचे, पाते स्वच्छ निघेपर्यंत. मिश्रण त्याच दिवशी संपवायचे. डिचोलीजवळच्या एका कुळागरात मी हे करून दाखवले तेव्हा वयाची सत्तरी ओलांडलेल्या एका आजोबांनी ती सुरी माझ्या हातातून घेतली, पाते उन्हाकडे धरून पाहिले आणि म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षे आम्ही पोफळी जाळत होतो.” कोणत्याही अनुदानाच्या यादीत ही सुरी नाही.

तिसरा लाभ एकत्र येण्याचा, आणि माझ्या अनुभवात हा सर्वांत कठीण. भातकापणीचे मोठे यंत्र तासाभरात बरेच शेत कापून मळून देते, पण गोव्यातील कुणगे लहान, मेरा अरुंद, आणि मधल्या शेजाऱ्याचे भात हिरवे असेल तर यंत्र पलीकडच्या पिकलेल्या शेतापर्यंत पोचतच नाही. म्हणून यंत्राचा फायदा एकट्याला मिळत नाही. सलग शेतांच्या सबंध पट्ट्याने एकाच मुदतीचे वाण, एकाच आठवड्यात लावले तरच तो मिळतो. लावणीच्या यंत्राचेही तसेच: त्याला चटईवर वाढवलेला पंधरा-अठरा दिवसांचा तरवा (भाताची रोपे) लागतो, तो वाफ्यातल्या महिन्याभराच्या तरव्याने चालत नाही, आणि असा तरवा दहा जणांनी मिळून केला तरच परवडतो. मजूर मिळेनासे झाल्यापासून कित्येक गावांत सुपीक शेते पडीक राहिली आहेत. त्यांतली काही पुन्हा लागवडीखाली आली ती गटशेतीमुळेच. खाजनांत तर कुळांची संघटना कायद्यानेच असते आणि बांध व मानस यांची देखभाल तिच्याकडे असते. ती जागी असेल तर बांध टिकतो. ती फक्त मानशीतल्या मासळीच्या पावणीपुरती (लिलावापुरती) उरली असेल तर कितीही योजना आल्या तरी शेत खारेच होणार, आणि हे लिहिताना मला काही ठरावीक गावे डोळ्यांपुढे दिसत आहेत.

शेतकरी उत्पादक कंपनीचा आपल्याकडे अलीकडे बराच गाजावाजा आहे. जिथे मालाचे प्रमाण मोठे आणि एकाच प्रकारचे आहे, उदाहरणार्थ काणकोणची खोला मिरची, तिथे ती उपयुक्त आहे. भौगोलिक मानांकन मिळालेल्या मालाला एकत्र विक्रीने चांगला भाव साधता येतो. दीडशे पोफळींसाठी तुम्ही कंपनीच्या मागे लागू नका. जवळच्या बागायतदार सहकारी संस्थेचे सभासद व्हा, तेवढे पुरे.

आता अनुदान आणि कर्ज. यंत्रांवर साधारणतः 40 ते 50 टक्के केंद्रीय मदत असते आणि ठिबक-तुषार सिंचनावर अल्पभूधारकाला 55 टक्के, त्यावर राज्याची भर वेगळी. पण बहुतेक योजनांत आधी पूर्ण पैसे स्वतः भरावे लागतात आणि अनुदान मागाहून जमा होते. मधल्या काळाचे व्याज कोणी धरत नाही. शिवाय पूर्वमंजुरी घेण्याआधी खरेदीचे बिल झाले तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. मध्यंतरीचे पैसे उभे करायचे असतील तर सावकाराकडे किंवा सोने तारण ठेवण्याकडे वळण्यापूर्वी किसान क्रेडिट कार्ड पाहा. 3 लाखांपर्यंतचे पीककर्ज 7 टक्के दराने मिळते आणि मुदतीत फेडले तर आणखी 3 टक्के सूट मिळून प्रत्यक्ष दर 4 टक्के पडतो. लाखाला वर्षाचे 4,000 रुपये व्याज. मुदत एक दिवसाने चुकली तरी ती सूट जाते, तेव्हा फेडीची तारीख दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवावी.

पॉवर टिलरबद्दल माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी स्वतः उत्साहाने एका शेतकऱ्याला अनुदानावर टिलर घ्यायला लावला. त्याचे शेत तुमच्यापेक्षा थोडेच मोठे होते. तिसऱ्या वर्षी गिअरचा एक भाग तुटला, विक्रेत्याने तो महिनोन्‌महिने आणून दिला नाही, आणि पुढे ते यंत्र गोठ्यात वैरणीखाली गंजत पडले. मी त्या घरी गेलो की ते माझ्याकडे पाहायचे. पाऊण एकराची नांगरणी भाड्याच्या यंत्राने काही तासांत होते. तुमच्या कुळागराला त्याऐवजी गवत कापण्याचे यंत्र आणि चांगला फवारणी पंप घ्या, दोन्हींवर अनुदान मिळते आणि दोन्ही वर्षभर वापरात राहतात. ठिबकाची घाई करू नका. झरीचे पाणी पाटाने एप्रिलअखेरपर्यंत पुरत असेल तर पैसा आधी मोरचूद आणि शेणखतावर जाऊ द्या.

काही गोष्टी या कार्यक्रमांनी सुटत नाहीत, तेही सांगितले पाहिजे. माकडे आणि शेकरू नारळ पाडतात, गवे रातोरात केळी साफ करतात; सौरकुंपणाने रानडुक्कर आणि गवा अडतो, माकड अडत नाही. पोफळीवर चढणारा माणूस कोणतीही योजना देत नाही.

सुरुवात करायची असेल तर नमुना एक व चौदाचा ताजा उतारा काढा आणि एखाद्या सोमवारी सकाळी विभागीय कृषी कार्यालयात जा. जाताना वडिलांना बरोबर न्या, कारण त्या उताऱ्यावरच्या नावांपैकी कोण कोणाचा काका आणि कोणती वाटणी केव्हा झाली हे कारकुनाने विचारले, तर ते तुम्हाला सांगता येणार नाही, त्यांना सांगता येईल.